डावीकडची जागा

"सुलभाताई, तुम्ही बसूनच लावा, आम्ही वाकतो," शेजारच्या शैलावहिनी म्हणाल्या.

आजारानंतरचं माझं पहिलंच हळदीकुंकू. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच माझ्या मेंदूवर उलटल्या होत्या, तोल सांभाळणारा भाग सुजला होता. औषधांनी चालायला लागले, पण हात अजून थरथरायचा, नेम चुकायचा. आज कुणाच्या भुवईवर हळद लागली, कुणाच्या नाकावर कुंकू. बायका हसून पुसत होत्या.

शैलावहिनींसमोर मात्र हात सरळ त्यांच्या डावीकडे गेला, सतरंजीवरच्या मोकळ्या जागेकडे. मी मागे ओढला, ऐकेना. तिथं हवेतच त्याची थरथर थांबली आणि बोट कशावर तरी टेकलं. मऊ, गार.

हात मागे घेतला तेव्हा बोट स्वच्छ होतं. कुंकू साडीवर नव्हतं, सतरंजीवरही नव्हतं.

त्यांची धाकटी जाऊ निर्मला दरवर्षी तिथंच बसायची. गेल्या श्रावणात ती वारली.

"हात चुकतो हो अजून," मी पुटपुटले.

शैलावहिनींनी पदर आवरला आणि थोड्या उजवीकडे सरकून ती जागा ऐसपैस केली.

"ओटीही आधी तिचीच भरा," त्या म्हणाल्या.