सुलतान जेवत नाही

"तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का?" बुरुलने विचारलं.

"घेतो. आणि छातीत वाजतं, उकळत्या किटलीसारखं," कालीपा आपा म्हणाल्या.

तोकमोकच्या गुरांच्या बाजाराला लागून बुरुलचा जनावरांचा दवाखाना होता. मेंढ्या, घोडे, दूध आटलेल्या गाई हे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. साप पाळायचं खूळ राजधानीतून आलं, तेव्हा तिने सापांचंही शिकून घेतलं. पोरं हौसेने साप आणायची, मग कामधंद्याला उत्तरेकडे निघून जायची, आणि साप आईच्या गळ्यात पडायचा.

आपांचा तिलेकही असाच गेला होता. मागे राहिला सुलतान, त्याचा दोन हात लांब पिवळा अजगर.

"डोक्यावर दूध ओतलंत ना?"

आपा पिशवीचा बंद चाचपू लागल्या.

"खरं सांगा. रागावणार नाही मी."

घरात साप निघाला तर मारायचा नाही. डोक्यावर दूध ओतायचं आणि पाहुण्यासारखा दाराबाहेर पोचवायचा, ही साऱ्या गावाची रीत. पाळलेल्या सापाला बाहेर कसं सोडणार? म्हणून बायका नुसतंच दूध ओतायच्या. पेटी ओली राहायची, साप गारठायचा, छाती भरायची. बुरुलकडे येणारे निम्मे साप या दुधाचेच बळी होते.

"ओतलं," आपा म्हणाल्या.

"तरीच! अहो, सापाला खोकता येत नाही. आपल्यासारखं खाकरून टाकायची सोयच नाही त्याला. साठलं ते आतच साठतं. जेवतो का?"

"तोंड फिरवतो. भिंतीकडे बघत पडून असतो. अंग तर नुसतं तापलंय."

"सापाला ताप नसतो येत, आपा. दिवा फार जवळ टांगलाय तुम्ही."

"कुशीला जखम आहे. पू येतो."

"म्हणजे भाजलाच तो दिव्याने. दिवा वर घ्या, पेटी कोरडी करा." बुरुलला सगळं नीट जुळत गेलं. "एकदा घेऊन तरी या त्याला."

"बाहेर काढण्यासारखा नाही गं तो."

तेही खरंच होतं. बाहेर नळाचं पाणी गोठत होतं. बुरुलने औषधाची बाटली दिली, उकडलेल्या बटाट्यावर सुई कशी टोचायची ते दाखवलं. "थेंबभरच हं. वजनावर असतं हे."

थोड्याच दिवसांत आपा परत आल्या. बाटली फुटली म्हणाल्या, हात थरथरतो. नवी नेली. तीही फुटली.

"आपा, औषध तुम्हीच पिताय की काय?"

आपा हसल्या. या साऱ्या हिवाळ्यात बुरुलने त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

"तिलेकचा फोन येतो?"

"येतो कधीमधी."

"त्याला म्हणावं, इतक्यात येऊ नकोस. त्या नानवाल्या जुमाबायच्या पोराचं ऐकलंत ना? विटा रचायला म्हणून गेला, तिथे त्याच्या हातात बंदूक दिली. जीव वाचवून घरी पळून आला, तर आपल्याच लोकांनी दारातून उचलला. परक्यांच्या लढाईत गेलास म्हणून तुरुंग!"

"ऐकलं." आपांनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. "आणखी एक बाटली देऊन ठेव. फुटली तर असावी."

पुढच्या खेपेला त्या आल्या त्या डोक्याचा रुमालही धड न बांधता. दावणीला बांधलेल्या मेंढ्यांमधून वाट काढत थेट टेबलाशी आल्या.

"जखमेला वास येतोय, पोरी."

बुरुलने हातातली सुई खाली ठेवली. "आपा, आता त्याला छळू नका. मी एकच इंजेक्शन देते. शांत झोपेल. कळणारही नाही त्याला."

"तो शब्द काढू नकोस!" आपांचा आवाज असा चढला की मेंढीवाले वळून बघायला लागले. मग त्या हळू बोलल्या. "तू घरी ये. एकदा बघ. तू जन्मलीस तेव्हा गरम पाणी घेऊन मी उभी होते तुझ्या आईपाशी. त्याचं कधी काही मागितलं?"

दुपारी बुरुल गेली. ते शेवटचं इंजेक्शन तिने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. समजूत घालता आली तर घालू, असा विचार. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली. एकही धड जमलं नाही.

आपांनी तिला आत घेतलं, दोन्ही कड्या घातल्या, पडदा ओढला. रेडिओ मोठ्याने लागलेला होता.

"सुलतानला गाणी लागतात वाटतं?"

आपा हसल्या नाहीत. त्या तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे भिंतभर लाल गालिचा टांगलेला होता, आणि त्याखाली काचेची पेटी. खोलीत तो वास होता. सडत चाललेल्या मांसाचा. बुरुलचा हात आपसूक खिशावर गेला.

पण पेटी कोरडी ठणठणीत होती. दिवा हवा तेवढाच वर. सुलतान वेटोळं घालून निवांत पडला होता, चांगला गुबगुबीत. तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं. आत गुलाबी, स्वच्छ. दोन्ही कुशी उलटून पाहिल्या. एक ओरखडा नाही. खवले कसे ओवल्यासारखे.

पेटीशेजारी बशीत उंदीर ठेवला होता. तिने चिमट्याने पुढे धरला. सुलतानने झडप घातली आणि गिळायला लागला.

"अहो आपा, हा तर चांगला जेवतोय! याला काय धाड भरलीय? दूध ओतलं म्हणालात ते कुठे ओतलंत?"

"ओतलंच नाही," आपा म्हणाल्या. "ओतलं की दाराबाहेर पोचवावं लागतं."

त्यांनी बाहेर जाऊन रेडिओ बंद केला. गालिच्यामागे कोणीतरी खोकलं.