पाचपैकी किती

एक. सगळ्या प्रश्नांना एकच. असंच ठरलं होतं, आणि नोरीन पावलक पडद्यावर एकावर एक टिचक्या मारत खाली चालली होती.

'माझ्या कामाची इथं कदर होते.' एक. 'माझ्या मताला इथं किंमत आहे.' एक. 'कामाला लागणाऱ्या सोयी मला मिळतात.' तळघरातल्या या खोलीत टेबलं दोन होती आणि शिकवणारे पाच. एक. शून्य असता तर शून्य.

दर फेब्रुवारीत विद्यापीठाला आपल्या माणसांची आठवण येते. कामात तुमचं मन किती आहे ते मोजायला सर्व्हे येतो. अजिबात नाही म्हणजे एक, पुरेपूर म्हणजे पाच. सगळ्यांनी भरला की विभागाला डोनटचा डबा. कंत्राटी शिक्षकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षाची निम्मी पोरं तेच शिकवतात, पण माणसांत त्यांची मोजणी नव्हती. यंदा झाली. आणि यंदाच निकाल बघून दोन कायम जागा वाटायच्या होत्या. जिथं हाल जास्त, तिथं जागा मिळणार, असं इंग्रजी विभागाच्या या पाच कंत्राट्यांनी धरलं होतं.

"पाचांहून कमी जणांनी भरला तर त्या गटाचा वेगळा निकालच लावत नाहीत," राऊल गोडेट सकाळी टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता. "कुणाचं नाव फुटू नये म्हणे! म्हणजे आपल्यातला एक जरी शेपूट घालून बसला, तर पाचही जण मुके. भरायचा, आणि खरं भरायचं. सगळीकडे एक!"

"आणि कळलं त्यांना कुणी भरलं ते?" नोरीनने विचारलं होतं.

"कळू दे की! काढून टाकतील? अगं बाई, ते तर दर एप्रिलला टाकतातच!"

सगळे पोट धरून हसले. एप्रिलमध्ये करार संपतो. ऑगस्टच्या अखेरीला नवा येतो, किंवा येत नाही. मधले महिने माणूस फोनकडे बघत काढतो.

नोरीनने असे उन्हाळे किती काढले ते तिच्या केसांना विचारावं. उणे तीसच्या थंडीत कायम लोकांच्या गाड्यांना इंजिन ऊबदार ठेवायला विजेचा खांब मिळतो. तिची गाडी लांबच्या उघड्या मैदानात गोठते आणि संध्याकाळी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकते. त्याचंही तिला फारसं काही नव्हतं. तिला एक विषय शिकवायचा होता. या माळरानावर वस्तीला आलेल्या बायकांनी मागे राहिलेल्या आपल्या आयांना धाडलेली पत्रं. स्वतःचा विषय फक्त कायम माणसाला मिळतो. तिचा केव्हाच तयार होता. घरी जाताना तिने तो गाडीच्या काचेपलीकडच्या बर्फाला पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत शिकवला होता, आणि तोही एकदा नाही. वसंतात एखादी मुलगी हटकून विचारायची, "पुढच्या वर्षी काय शिकवणार तुम्ही? मी घेईन." नोरीन पिशवी आवरत हसायची. त्या हसण्याला उत्तर समजून मुलगी निघून जायची.

शेवटचा प्रश्न आला.

'पाच वर्षांनंतरही मला इथंच काम करायला आवडेल.'

तिने एकवर टिचकी मारली. मग त्या एककडे बघत बसली. वरचे सगळे एक विद्यापीठाच्या तोंडावर फेकलेले होते. हा मात्र तिने स्वतःच्याच तोंडावर आपटलेल्या दारासारखा दिसत होता. वर जिन्यात पोरांचे बूट धाडधाड वाजत होते. दहाचा तास सुटला होता. तिने एक खोडला आणि पाच केला. पुन्हा विचार करायच्या आत पाठवूनही दिला.

"भरलास?" राऊलने दारातून विचारलं.

"भरला."

"सगळीकडे एक?"

"सगळीकडे."

"शाब्बास गं वाघिणी!" त्याने तिच्या पाठीत थाप मारली. ती थाप तिला दिवसभर टोचली. चौघांचा घात केला आपण.

मार्चअखेर सभागृहात निकाल लागला. उपाध्यक्ष कॅरोल व्हिटन स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "इंग्रजीच्या कंत्राटी शिक्षकांचा निकाल वाचून मला लाज वाटली," त्या म्हणाल्या. "एकूण एक प्रश्नाला सरासरी एक." राऊलने नोरीनचं मनगट करकचून धरलं.

"फक्त शेवटचा सोडून. पाच वर्षांनी इथंच राहायला आवडेल का? सरासरी पाच."

चूक आहे, नोरीनच्या मनात आलं. एकटीच्या पाचाने सरासरी दोनापर्यंतही चढत नाही. पुरी पाच यायची तर...

तिने राऊलकडे पाहिलं. त्याने मनगट सोडलं होतं. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या आणि तो आपल्या बुटांकडे बघत होता. पलीकडचे तिघेही बुटांकडेच बघत होते.

"दोन्ही जागा आम्ही संगणक विभागाला देतोय," व्हिटनबाई सांगत होत्या. "तिथल्या लोकांनी सोडून जायची तयारी असल्याचं साफ लिहिलंय." मग त्या पाचांकडे वळल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "तुमचा या जागेवरचा जीव बघून मला गहिवरून आलं. पण तुम्हीच सांगा, जे जाणारच नाहीत त्यांना थांबवायला जागा कशी खर्च करू?"

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला पाचही जण हजर होते. राऊल तर सगळ्यांच्या आधी.