भेलकांडणारा उपग्रह

शत्रूदेशाचा एक उपग्रह आपल्या उपग्रहाच्या दिशेनं सरकत होता. त्याच्या हालचालींचा अर्थ लावणं हे बाईंचं काम.

"अहवालात 'हल्ला' लिहा आणि सही करा. पाडायचं आम्ही बघतो," साहेब म्हणाले.

"हल्ला करणारा असा भेलकांडत येतो होय? बिघडलाय तो. मी नाही लिहिणार."

"बदली करीन!"

"खुशाल करा." बाईंनी पेनाला टोपण लावलं.

उपग्रह मुकाट बाजूनं निघून गेला. बदलीचा हुकूम मात्र निघालाच.

बाई खण आवरत होत्या, तेवढ्यात आपलाच एक उपग्रह बिघडला आणि भेलकांडत शत्रूच्या उपग्रहाकडे निघाला. साहेब घाम पुसत बाईंच्या टेबलाशी आले.



"बाई, तिकडे कुणी तुमच्यासारखं हट्टी असेल ना हो?"