आफ्रीनच्या लाल ओळी

लेख एकसष्ट टक्के लाल झाला, आणि डॉ. मुंजाजीला इतका आनंद झाला की त्यानं उठून पंखा वाढवला. लेख डॉ. आफ्रीनचा होता. दोघं अंबाजोगाईला एकाच बॅचला शिकलेले, आता बीड जिल्ह्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात, एकाच विभागात. सहयोगी प्राध्यापकाची जागा एकच होती आणि मुलाखत उद्या.

कॉलेजातून छापायला जाणारा प्रत्येक लेख आधी एका समितीकडं येई. दुसरीकडं छापलेल्या मजकुराशी जुळणाऱ्या ओळी संगणक लाल करून दाखवी. मुंजाजी त्या समितीत होता. आफ्रीनचा लेख त्यानं खरं तर दुसऱ्या सदस्याकडं द्यायला हवा होता, नियमच तसा. पण तो काही साधुसंत नव्हता.

आफ्रीनच्या तासाला पोरं खिडकीत बसत. डीनसाहेब प्रत्येक बैठकीत म्हणत, "आफ्रीन मॅडमना विचारा." दर वेळी मुंजाजीच्या छातीत कळ येई, आणि ती हृदयाची नाही एवढं त्याला डॉक्टर असल्यामुळं पक्कं ठाऊक होतं.

आज सापडली होती. उमापूरकडच्या गावांतल्या गरोदर बायांच्या रक्तक्षयावर तिनं लिहिलं होतं. मजकूर जुळत होता साखर कारखान्यांच्या मुलखातल्या कुण्या प्राध्यापकाच्या लेखाशी, आणि तो दोन वर्षांपूर्वीच छापून आला होता. मुंजाजी एकेक लाल ओळ चवीनं वाचू लागला.

एका ओळीवर तो अडला. 'दिवाळीनंतर तपासणीला येणाऱ्या गरोदर बाया निम्म्यावर येतात, कारण त्या ऊसतोडीला निघून जातात.'

त्या प्राध्यापकाच्या लेखातही शब्दन् शब्द हेच होतं. पण त्याच्या मुलखातून कोण जातं ऊसतोडीला? तिथं तर दिवाळीनंतर माणसं येतात, आणि तीही इथली. मुंजाजीची आई पोटुशी असताना तिकडंच गेली होती. तो जन्मला तिथल्या फडात. 'निघून जातात' हे बीडच्याच माणसानं लिहिलेलं होतं. तो प्राध्यापक आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता.

मुंजाजीचा चेहरा उतरला. मग त्याच्या मनात आलं, हे कळलं ते आपल्याला. दुसऱ्या कुणाला कशाला कळतंय? सही करून कागद वर पाठवायचा. खरंखोटं मुलाखतीनंतर बघतील ज्यांचं ते.

तेवढ्यात आफ्रीनच दारात आली. "झाला का रे माझा लेख?" म्हणत ती टेबलाजवळ आली, संगणकाचा पडदा पाहिला आणि पांढरीफटक पडली.

"मुंजाजी, हे माझं हाय. माझ्या थिसिसमधलं. एका मासिकाला धाडलतं, त्यांनी परत केलं. तिथंच कुणी वाचून उचललं असंल."

"थिसिस कुठाय?"

"लायब्ररीत. पण उद्या मुलाखत हाय, आता कोण बघत बसतंय?" ती त्याच्याकडं वळली. "तू कावून बोलत न्हाईस? तुला तरी माझं खरं वाटतं का?"

मुंजाजीनं एक 'न्हाई' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, आणि त्याला तो गोडही लागत होता.

"त्या प्राध्यापकाला सांग," तो शेवटी म्हणाला, "तुमच्याकडून बाया जात न्हाईत, तुमच्याकडं येतात."

तिला कळेना. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं, हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

मुंजाजीनं अहवालाखाली लिहिलं: मूळ लेखन डॉ. आफ्रीन यांचंच. थिसिस काढून तारीख पाहावी, दुसऱ्या सदस्यानंही तपासावं, प्राध्यापकाचा लेख छापणाऱ्या मासिकाच्या संपादकाकडं तक्रार करावी. सही करताना पेन एवढा दाबला की कागद फाटला.

"लई उपकार झाले बघ," आफ्रीन जाताना म्हणाली. "पोटचं लेकरू कुणी उचलून न्यावं तसं झालतं."

नेण्याजोगं होतं म्हणून नेलं, मुंजाजीच्या मनात आलं.

ती गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं. स्वतःचे आजवर छापून आलेले लेख काढले आणि एकेक करून संगणकात घातले. ज्या मासिकांत ते आले होते ती वगळून आणखी कुठं कुणी एखादी ओळ तरी उचलली आहे का, ते बघायला. पहिला लेख हिरवा आला. दुसरा हिरवा. शेवटचाही हिरवा, आणि खाली ठळक शून्य.

"एक ओळसुद्धा न्हाई बे?" तो संगणकाला म्हणाला.