दीक्षाची निळी बाटली

पोलीस भरतीच्या सरावात आठशे मीटर धावताना दीक्षाची वेणी रोज माझ्यापुढे असायची. तिच्या रिबिनीचा रंगसुद्धा मला नकोसा झाला होता.

मैदानावर आली की ती आधी एनर्जी ड्रिंकची निळी बाटली तोंडाला लावायची. सर मला म्हणायचे, "जरा दीक्षाकडून शीक." म्हणून शिकले. भरतीच्या दिवशी होस्टेलचा नाश्ता सोडला आणि तसल्याच दोन बाटल्या लागोपाठ रिचवल्या.

पहिल्या फेरीत कधी नव्हे ती मी तिच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीत छाती इतकी धडधडायला लागली की शिट्टीही ऐकू येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मातीत कोसळले.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरबाई नाडी धरून विचारत होत्या, "काय प्यायलीस?"

शर्यत संपवून दीक्षा शेजारी येऊन बसली होती. मी तिच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "हेच. ही तर रोज पिते. हिला कसं काही होत नाही?"

डॉक्टरबाईंनी बाटली उघडून वास घेतला. "अगं, यात आंबील आहे."

दीक्षाने मान खाली घातली. "आई पहाटे उठून करते. डब्यातून प्यायले तर तुम्ही हसाल, म्हणून या बाटलीत आणते."

तिने बाटली माझ्यापुढे धरली. मी एक घोट घेतला. अजून कोमट होती.

इतके दिवस मी उगाच तिच्या पायांवर जळत होते. जळायला हवं होतं तिच्या आईवर.