आबांची किक

खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा बारीकसा आवाज झाला आणि कणकेतला विजयश्रीचा हात थांबला. बुलेट चालवणं सुटलं तरी ही किल्ली आजवर सासऱ्यांच्या खिशातच होती. पूर्वी या वेळी ती बुलेटला असायची, बुलेटवर सासरे असायचे आणि त्यांच्या पुढ्यात, टाकीवर, दप्तर घेऊन नात, मैत्री.

"गाडी निरंजनच्या नावावर करून घ्या," आबा म्हणाले. "माझा पाय गेला आता."

दोन महिन्यांपूर्वी आबा भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्या मुलाने, निरंजनने, बुलेटचं इंजिन उघडलं. जुनी गाडी. तिघं बसले की चढाला धापा टाकायची. दिवाळीत तिघांनी तिच्यावरून कोकणात जायचं, असं त्याच्या मनात होतं. दाब वाढवणारा नवा पिस्टन त्याने आणला आणि कॅम कुठला घालायचा ते बायकोला विचारलं. मैत्रीचा जन्म होईपर्यंत विजयश्री चाकणला इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीला होती. इंजिनात झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, ते कॅम ठरवतो. असे ढिगाने कॅम तिच्या हाताखालून गेले होते.

निरंजनला वेगाचा कॅम हवा होता.

"लेकरू पुढे बसवून शंभरावर नेणारेस का?" ती म्हणाली होती. "घाटात ओढायला हवी गाडी." तिने झडप लवकर मिटणारा कॅम निवडला. आत आलेलं सगळं आतच राहतं, चांगलं दाबलं जातं, आणि गाडी खालपासून जोर धरते. निवड बरोबर होती. पहिल्याच चढाला गाडी अशी निघाली, की निरंजनने मागे हात करून तिच्या गुडघ्यावर थाप मारली. फक्त, इंजिन जेवढं जास्त दाबतं, तेवढी किक पायाला उलटी ढकलते. वेगाच्या कॅमने थोडा दाब सोडून दिला असता. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण निवडताना तिच्या डोळ्यांपुढे घाट होता, आबांचा पाय नव्हता.

आबांना चकित करायचं म्हणून दोघांनी काही सांगितलं नाही.

आबा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा इंजिनातला दाब सोडणारा डावीकडचा छोटा खटका दाबला, दिव्याजवळच्या मीटरचा काटा मधोमध आणला, "चल गं बाये" म्हणाले आणि अंगाचा सगळा भार किकवर टाकला. किक उसळून त्यांच्या नडगीवर बसली. पुन्हा मारली. पुन्हा तेच. टाकीवर बसलेली मैत्री खिदळत टाळ्या वाजवत होती. मग हातात चहाचा कप घेऊनच निरंजन बाहेर आला आणि त्याने एका किकेत गाडी चालू केली.

आबांनी गाडीकडे नाही, स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

"आवाज जाड येतोय रे हिचा."

"सायलेन्सर बदललाय, आबा."

स्वयंपाकघरात विजयश्री म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना."

"राहू दे गं. आबा मैत्रीला शाळेत नेताना निघोज्याच्या फाट्यावरचे कंटेनरचे ट्रक आठवून तुझाच जीव वरखाली व्हायचा ना? न भांडता सुटतेय त्यांची गाडी, सुटू दे."

आणि ती गप्प बसली. तिला हेच तर हवं होतं, आणि कुणाला दुखवावं लागलं नव्हतं.

मैत्रीला शाळेची व्हॅन लावली. आबा रोज दाढी करायचे, ती दिवसाआड झाली, मग कधीतरी. देहूला इंद्रायणीच्या घाटावर त्यांची जुने मित्र दत्तोबांबरोबर बैठक असायची. दत्तोबांचा फोन आला की आबा म्हणू लागले, "गुडघा धरलाय बाबा, तूच ये." दत्तोबा येत नव्हते, कारण त्यांना आणायलाही आबाच बुलेट घेऊन जायचे. मग घरात काठी आली. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आबा हात मागू लागले. डॉक्टरांनी पाय बघितला, काही सापडलं नाही. "वय," ते म्हणाले. आबांनी मान हलवली.

आज किल्ली खिळ्यावर होती.

विजयश्री कणकेच्या हातानेच बाहेर आली. "आबा, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. तुम्ही उदगीरला होतात ना, तेव्हा आम्ही इंजिन बदललं. पिस्टन, कॅम, सगळं. त्याने किक जड झालीये. कॅम मी निवडला, आबा. चूक माझी आहे."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसले. किती दिवसांनी हसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गुणाची आहेस गं पोरी. माझ्या पोराला असलं काही सुचलं नसतं. पण म्हाताऱ्याला लेकरावाणी समजावू नको. त्यानं एका किकेत चालू केली की. म्या बघितलं ना डोळ्यानं."

"आबा, खरंच..."

"असू दे, असू दे." काठी टेकत ते ओसरीवर गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले. समोर बुलेट उभी होती. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

दारात मैत्री एका पायात बूट घालून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, जुना पिस्टन, जुना कॅम कुठंयत?"

"माळ्यावर. डब्यात."

"ते परत बसवलं तर किक हलकी होईल?"

"होईल."

मैत्रीने ओसरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आबा पण परत पहिल्यासारखे होतील?"