पुलापलीकडची तुकडी

पूल याही वेळी हातचा गेला. पडद्यावर शत्रूचे रणगाडे नदी ओलांडून गावात शिरले. पलीकडे अडकलेली तुकडी पुलापर्यंत पोचलीच नाही. काकांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"थांबलं की गाव जातं," ते म्हणाले. "आज पुलाच्या तोंडाशी तोफा वाढवल्या होत्या. तरी गेलं."

पुतणीने त्यांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ केली आणि पुन्हा मांडू का, असं विचारलं. मांड, म्हणाले. डॉक्टरांनी फुप्फुसांची आशा सोडली होती, पण काकांनी पुलाची सोडली नव्हती.

हा खेळ तिनेच बनवला होता. संगणकावरचे युद्धाचे खेळ करणाऱ्या कंपनीत ती नकाशे आखायची. काकांनी तिच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे लढाईतली ती संध्याकाळ. ते तेव्हा त्या गावाच्या बचावावरचे अधिकारी होते. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे तिचे बाबा, त्यांच्याच हाताखाली साधा सैनिक. ज्याला पोटाला चिमटा काढून शिकवलं त्यालाच आता सलाम ठोकतो, असं बाबा हसत सांगायचे. शत्रू चालून आला तेव्हा बाबांची तुकडी पुलापलीकडे होती. काकांनी तिची वाट न पाहता पूल उडवला. गाव वाचलं, तुकडी संपली.

काकांना पदक मिळालं. ते कुठे आहे, कोणाला ठाऊक नाही. थांबलो असतो तर पूल राखता आला असता का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आला असता, तर आपण भावाला मारलं. नसता आला, तर निदान सुखाने डोळे मिटता येतील.

आईची गोष्ट वेगळी. एकट्या पडलेल्या दिराला दवाखान्यातून तीच घरी घेऊन आली. मनाची नाही तर जनाची, असं शेजारी म्हणाले. कारण आणलं खरं, पण बोलत एक शब्द नव्हती. समोरासमोर जेवायला बसूनही निरोप मुलीमार्फत जायचे. काकांना विचार, अजून वाढू का. वहिनींना म्हणावं, पुरे. कचेरीत संगणकावर आकडे भरण्यात आईची हयात गेली होती, आणि माणसांशीही ती तशीच वागायची. काका दुपारी बाहेरच्या खोलीत आडवे झाले की ती त्यांची खोली झाडायला, संगणक पुसायला जायची, तेवढाच काय तो संबंध.

खेळ करायला घेतला तेव्हा पुतणी धास्तावलीच होती. तोफा, रणगाडे, अंतरं, सगळं काकांनी तोंडपाठ सांगितलं. राहिली ती शत्रूची जिद्द. किती मार खाल्ल्यावर समोरचा मागे फिरेल, हे त्या आकड्यावर ठरतं, आणि खेळताना तो कुठे दिसत नाही. तिने शत्रूकडच्या सैनिकांनी पुढे लिहिलेल्या आठवणी वाचून काढल्या. ते लोक उपाशी होते, दमले होते, परत फिरायला निमित्त शोधत होते. खरा आकडा फार खाली येत होता, म्हणजे थांबूनही पूल राखता येण्याचीच भीती होती. जरा चढवून घालू का, असं तिने आईला विचारलं. मरणाच्या दारातल्या माणसापुढे खाजवून खरूज कशाला काढायची?

आई भांडी घासत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"खरं असेल तेच घाल. बघू दे त्यांना."

इतकी वर्षं हिने हे पोटात ठेवलं तर, असं मुलीला वाटलं. तरी तिने खराच आकडा घातला. बाबांचाही काही हक्क होता.

आणि तरीही काका हरत होते. तोफा मागे ठेवून हरले, पुढे ठेवून हरले, वाट पाहिली की दर खेपेला हरले. पुतणीला सुटल्यासारखं झालं. काकांचा चेहरा हळूहळू निवळला. त्यांना झोप लागू लागली. शत्रूला पगार आपल्यापेक्षा बरा असावा, असं ते एकदा जेवताना म्हणाले, आणि हसले.

एका दुपारी पूल हातचा गेल्यावर त्यांनी पुन्हा मांडू नकोस म्हणून सांगितलं. दारात आई चहाचा कप घेऊन उभी होती.

"वहिनी," काका थेट तिच्याशी बोलले. "मी सगळं करून पाहिलं. दादाला आणता आलंच नसतं."

मुलीला कुठे बघावं कळेना. आई आत आली आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला टेकली.

"मी बघत होते, भाऊजी. ते तुमच्या हातात नव्हतं. चहा घ्या."

काका कप हातात धरून रडले. खूप वेळ रडले. आईने त्यांना रडू दिलं. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले, आणि चेहऱ्यावर कसलाही त्रास दिसत नव्हता.

खोली आवरताना पुतणीने खेळ काढून टाकण्यासाठी संगणक लावला. सहज आकड्यांचं पान उघडलं. शत्रूच्या जिद्दीपुढे शंभर होतं. शंभरावर शत्रू शेवटचा माणूस पडेपर्यंत मागे फिरत नाही. तिने तर वीस घातले होते. या घरात आकडे भरता येणारं दुसरं एकच माणूस होतं.

"हे तू केलंस?"

आई काकांच्या चादरीची घडी घालत होती. हो, म्हणाली.

"पण कशाला? खऱ्या आकड्यावरही ते हरलेच असते ना?"

"खऱ्या आकड्यावर मी खेळून पाहिलं होतं," आई म्हणाली. "दर वेळी तुझे बाबा परत येतात."